मागच्या चाकाचा आवाज

भागोजी पाष्टे एकोणीस वर्षं चिंतामणी केळकरांचा ट्रक चालवत होता. आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवायच्या आणि येताना मिळेल तो माल आणायचा. २००३च्या मार्चमध्ये, हंगामाची पहिली खेप निघायला चार दिवस उरले असताना, त्याला मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेल ओघळलेलं दिसलं. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. त्याने ती हातखंब्याला सखारामच्या गॅरेजवर आणली आणि तेल अडवणारं रबरी सील बदलून दे म्हणाला. दोन महिन्यांपूर्वीच वाटेत एकाकडे नवं सील घातलं होतं, तेच खराब निघालं असणार, असं त्याचं म्हणणं.

सखाराम आधी गाडीत बसून एक फेरी मारून आला. भागोजी शेजारी होता. गाडीने वेग घेतला तसा मागून जात्यासारखा घरघराट सुरू झाला. भागोजी शांतपणे खिडकीबाहेर बघत होता.

परत आल्यावर सखारामने चाक काढलं, अ‍ॅक्सल बाहेर ओढला, चाक ज्यावर बसतं तो हब उतरवला. ब्रेकचे लायनर तेलाने चिंब झाले होते. सीलची कड एका बाजूनेच झिजली होती. आतलं बेअरिंग रॉकेलमध्ये धुतल्यावर खरं कारण दिसलं. रोलरांना खड्डे पडले होते, कडी तापून निळी झाली होती. त्यामुळे हब डगमगत होता आणि घातलेलं प्रत्येक सील तो खाणार होता. असं बेअरिंग महिना महिना ओरडत असतं, हे सखारामला ठाऊक होतं.

भागोजीच्या डावीकडे उभं राहून त्याने विचारलं, आवाज कधीपासून येतोय. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग तो हात पुसत समोर आला.

"दादा, तुम्हाला ऐकू येत नाय?"

भागोजीने ते बेअरिंग हातात घेतलं. "डाव्या कानाने दोन वर्सं काय नाय येत," तो म्हणाला. "उजव्याने येतं थोडं, त्यावरच भागवतो."

घरी फक्त बायकोला, विमलाला माहीत होतं. गाडी सुटली तर आपण कोण उरतो, हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला होता.

"बेअरिंग मी बसवतो," सखाराम म्हणाला. "पण केळकरभाऊंना तुम्ही सांगा. तुम्ही नाय सांगितलंत, तर मला सांगावं लागेल."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भागोजीनेच तळहाताने दाबून भरलं. सखारामने सील लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखं बसवलं, नवे लायनर लावले, नट घट्ट करून, चाक मोकळं फिरावं म्हणून किंचित सैल केला. चाक फिरवलं तेव्हा भागोजीने हबवर हात ठेवला. कंप नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने केळकरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. दिवाळीत त्यांची मुलगी अवनी त्याच्याच शेजारी बसून चिपळूणपर्यंत गेली होती, तेवढंच ते म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला. ते वाक्य भागोजीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पहिली खेप दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. भागोजीने पेट्या चढवल्या आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. केळकरांनीच त्याला दवाखान्यात नेलं. कानाची नस गेली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग केळकरांनी आपल्या आंब्याच्या बागेत पेट्या भरायचं काम त्याच्याकडे दिलं. एप्रिलभर तो तिथे कोणाशी धड बोलला नाही.

मे महिन्यात एका लग्नात सखाराम भेटला. त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. भागोजीनेच त्याला आपल्या उजव्या बाजूला बसवून घेतलं.

"दोन वर्सं परत्येक घाटात माझा जीव आरशात अडकलेला असायचा," तो म्हणाला. "मागनं कोन येतंय ते ऐकू यायचं नाय ना. परवा गुहागरला यस्टीने गेलो. किती वर्सांनी झाडं बघितली."

पंगत बसत होती. दोघं उठून शेजारी शेजारी जेवायला बसले.