दोन्ही बटणं वर

आमच्या शिवणकामाच्या दुकानात कॉम्प्युटर एक, स्पीकर एक आणि भांडणं रोजची. सासऱ्यांना बातम्या हव्यात, सासूबाईंना गाणी. शेवटी मीच एक प्रोग्राम लिहून दिला. पडद्यावर दोन बटणं. बातम्यांचं दाबलं की गाण्यांचं वर, म्हणजे बंद; गाण्यांचं दाबलं की बातम्यांचं वर. एका वेळी एकच, विषय संपला!

संपतोय कसला! दाबलेलंच बटण पुन्हा दाबलं की दोन्ही वर यायची आणि दुकान गप्प. ही चूक मला पहिल्याच दिवशी दिसली. पण गुरुवारी अकराला माझी मुलाखत होती, तीही दुकानामागच्या खोलीतून लॅपटॉपवर. सहा महिने घरी बसले होते, ही नोकरी हातची घालवायची नव्हती. म्हटलं, गुरुवारपर्यंत राहू दे चूक.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना धूळ पुसायच्या निमित्ताने गेले आणि बातम्यांच्या दाबलेल्या बटणावर हळूच टिचकी मारली.

"अगं, बंद का पडलं?" सासरे म्हणाले.

"बिघडलंय, बाबा. नंतर बघते," म्हणत मी सटकले.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "अलीकडे काय लिहिलंत?" मी दोन बटणांचं कौतुक सुरू केलं.

"दोन्ही एकदम वर येत नाहीत ना?"

"छे! शक्यच नाही," मी ठोकून दिलं.

"येतात की!" मागे दारात सासूबाई, गळ्यात मापाची टेप. "दाबलेलंच परत दाबायचं. रोज दुपारी यांना असंच गप्प करून झोपते मी."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बाई मात्र खदखदून हसल्या. "करा दुरुस्त. पाच मिनिटं देते."

सासूबाई कानाशी पुटपुटल्या, "नोकरी घे बाई, पण माझी झोप घेऊ नकोस."

घ्या! इकडे आड, तिकडे विहीर. मग खरं ते सांगून टाकलं, "चूक ठाऊक होती, पण घरात तिची गरज आहे." आणि लॅपटॉपवरच तिसरं बटण जोडलं, 'शांतता'. तिन्हींतलं एक कायम दाबलेलं.

"सोमवारी या कामावर," बाई म्हणाल्या.

मी उड्या मारतच दुकानात गेले. तिथल्या पडद्यावर जुनी दोन्ही बटणं अजून वरच. एकदा दाबलं असतं तरी बातम्या लागल्या असत्या!

"बाबा, दाबून नाही पाहिलंत?"

शर्टाला बटण लावता लावता सासरे म्हणाले, "मुलाखत होती ना तुझी? हिची झोप असते तेव्हाही नाही दाबत मी. नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. धूळ कसली पुसतेस!"