चंद्रीची पाठ

रत्नाबाईंचा उजवा खांदा श्रावणात धरला आणि त्याच महिन्यात त्यांची चंद्री म्हैस व्याली. दोन्ही गोष्टी एकदम व्हायला नको होत्या, पण अडचणी काय विचारून येतात थोड्याच?

चंद्री लांब शिंगांची, अंगानं थोराड आणि जन्माची हट्टी. धार काढायला तिला रत्नाबाईंचाच हात लागे. दुसरं कुणी चरवी घेऊन कासेजवळ बसलं की पाय झाडलाच म्हणून समजा. हातकणंगल्याजवळच्या त्या वस्तीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर रत्नाबाईंना त्याचा आतून गर्वच होता. "काय सांगायचं, मला सोडून कुणाला ऱ्हातच न्हाय बघा," अशी तक्रार त्या पाहुण्यांपुढं करायच्या. तक्रार करताना चेहरा मात्र असा खुलायचा की पाहुण्यांनी समजून जावं.

या खेपेला रेडकू जगलं नाही. चंद्री दोन-तीन दिवस हंबरत राहिली आणि मग गप्प झाली. तिला जवळ घेऊन, थोपटून, चुचकारून पान्हा सोडायला लावायचं काम रत्नाबाईंचं होतं, पण त्यांचा हातच वर जाईना. आधी वेणी घालता येईना. मग कुशीवर झोपता येईना. पुढं पुढं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला निघताना डोक्यावर पदरसुद्धा घेता येईना. रोज सकाळी सून स्नेहल यायची, सासूचा पदर नीट डोक्यावर ओढून द्यायची, तेव्हा त्या देवाला निघायच्या. साठीला टेकलेल्या बाईला लहान पोरीसारखं सजवून देवळात पाठवायचं, हे त्यांना फार लागायचं. पण बोलणार कुणाला?

स्नेहल भली पोर, जरा जास्तच भली. सासूबाईंनी तांब्या उचलला की ही धावत यायची. "आत्ती, तुमी हात हलवू नका. मी करतो की." सासऱ्यांच्या जुन्या धोतराची तिनं एक मऊ झोळी केली आणि रत्नाबाईंचा हात गळ्यात बांधून टाकला. घरच्यांनी सगळी कामं त्यांच्याकडून काढून घेतली. अशा मायेला नाही कसं म्हणायचं? रत्नाबाई झोळीत हात घालून सोप्यात बसून राहिल्या, आणि खांदा दिवसेंदिवस लाकडासारखा होत गेला.

इकडं गोठ्यात निराळीच झटापट चालली होती. मुलगा वृषभ चंद्रीचे मागचे पाय बांधायचा, कुणीतरी सांगितलेलं पान्ह्याचं इंजेक्शन टोचायचा आणि मिळेल तेवढं ओढून दूधसंस्थेत घालायचा. एकदा तो बाहेरगावी असताना स्नेहल धार काढायला बसली. लाथ मनगटावर बसली आणि हात टम्म सुजला. त्या दिवशी वृषभचा धीर सुटला.

"आई, होळीपातूर बघतो," तो म्हणाला. "मग बाळासोला बोलवून घेतो."

बाळासो म्हणजे हेडी, गुरांचा दलाल. कुणाच्याच हाताला दूध न देणारी म्हैस घेणार कोण? घेतली तरी आठ दिवसांत परत आणून बांधणार. मग बाळासो तिला कुठं नेणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच तोंडानं उच्चारत नव्हतं. दिव्यावर किडे येऊन मरतील म्हणून ज्या घरात उजेडातच जेवणं आटोपतात, त्या घरात ते उच्चारणार तरी कसं?

दिवाळीच्या आधी वृषभनं त्यांना कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी खांद्यात एक सुई दिली. काही दिवस बरं वाटलं, मग पुन्हा जैसे थे. रत्नाबाई गोठ्याकडं बघून म्हणाल्या, "हिलाबी सुई, मलाबी सुई. दोघींचंबी काय सुटंना."

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "सुईनं दुखणं दबतं, पण आखडलेला खांदा त्यानं मोकळा होणार नाही. त्याला व्यायाम लागेल. फिजिओथेरपी सुरू करा." गाडीत वृषभनं त्याचा अर्थ सांगितला, "काय न्हाय गं, शेकायचं असतंय." म्हणून रत्नाबाई शेकून घ्यायच्या तयारीनं कोल्हापुरातल्याच राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या पायऱ्या चढल्या.

तिथं फिजिओथेरपी करणारी अक्षता कांबळे नावाची तरणी पोर होती. टेबलावर बुद्धाची चिमुकली मूर्ती. आपल्या भगवंतासारखाच मांडी घालून शांत बसलाय, असं रत्नाबाईंच्या मनात आलं आणि जरा धीर वाटला. तो फार वेळ टिकला नाही. अक्षतानं पहिल्यांदा झोळीची गाठच सोडली.

"ही कुणी बांधली, मावशी?"

"सुनंनं. लई माया तिची."

"माया हाय हे दिसतंयच. पण ही आता परत बांधायची न्हाय." तिनं रत्नाबाईंचा हात आपल्या तळहातावर तोलून धरला. "खांदा मोडलेला न्हाय, आखडलाय. दुखतंय म्हणून तुम्ही हलवत न्हाय, आणि हलवत न्हाय म्हणून तो आणखी आखडतोय. आपण रोज थोडा थोडा सोडवायचा. दुखेल, पण सोसेल इतकंच. सोसण्यापलीकडं गेलं की थांबायचं. जोर लावायचा न्हाय."

आधी गरम पिशवीनं छान शेकलं. मग तिनं हात धरून हळूहळू वर न्यायला सुरुवात केली आणि रत्नाबाईंच्या डोळ्यांपुढं चांदण्या चमकल्या. त्या अशा ओरडल्या की बाहेर बसलेला वृषभ उठून उभा राहिला. शेवटी अक्षतानं घरी करायचा व्यायाम दाखवला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगीसारखी चालवत हात जाईल तेवढा वर न्यायचा. जिथं बोटं अडली तिथं तिनं भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. खूण छातीच्याही खाली होती.

घरी येताच रत्नाबाईंनी जाहीर केलं, "मी काय परत जात न्हाय. आणि भिंतीवर पालीसारखी बोटं चालवायची? बघणाऱ्यांनी मला खुळी म्हणावं?" स्नेहलनं कळवळून झोळी आणली आणि बांधलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषभ सुई घेऊन गोठ्यात गेला. त्याच्या पावलांचा आवाज ऐकूनच चंद्री थरथरली. रत्नाबाई दारातून बघत होत्या. म्हशीच्या कुशीवर शेणाचे पोपडे धरले होते. बरोबरच होतं, लाथेच्या भीतीनं तिला कुणी घासत नव्हतं. श्रावणापासून चंद्रीच्या जवळ जो कुणी आला तो दोर, सुई नाहीतर चरवी घेऊन आला. नुसता हात फिरवायला कुणीही आलं नव्हतं. आपल्या दुखण्यापायी आपण हिला पार टाकली, असं त्यांना वाटलं.

वृषभ दूध घेऊन गेल्यावर त्यांनी झोळी काढून खुंटीला अडकवली. नारळाच्या काथ्याचा चोथा पाण्यात बुडवला आणि चंद्रीच्या कुशीपाशी उभ्या राहिल्या. सवयीनं उजवाच हात पुढं झाला. पोटाच्या कडेपासून वर घासत गेला आणि थोडंसं चढून खांद्यात कळ आली. त्या थांबल्या. हात खाली घेतला. पुन्हा घासलं. चंद्रीनं मान वळवून पाहिलं, मग आपलं सगळं धूड हळूच त्यांच्याकडं रेललं. "खाजवू व्हय? खाजीवतो, खाजीवतो," रत्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. स्नेहल हां हां म्हणत आली की त्या तिला हाकलून द्यायच्या. आधी हात बरगड्यांपर्यंत जायचा, मग बरगड्या संपून पाठीच्या उताराला लागला. कळ यायची, पण चंद्री डोळे मिटून अशी सुखानं उभी असायची की आणखी थोडं वर जावंसं वाटायचं. आणि कोल्हापूरला जाणंही त्यांनी, नाही म्हटलं होतं तरी, चालूच ठेवलं.

अक्षताच्या भिंतीवरची खूण वर सरकत होती. "घरी नेमानं करताय वाटतं भिंतीचा व्यायाम?" ती खुशीनं विचारायची. "करतोय की," रत्नाबाई बेधडक सांगायच्या. खोटं बोलल्याचं पाप लागू नये म्हणून परतताना मनातल्या मनात देवाची क्षमा मागायच्या.

पण पोर हुशार होती. एके दिवशी तिनं हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "पुढनं वर छान जातोय. पण पाठीमागं अजिबात जात न्हाय. मावशी, खरं सांगा, घरी नेमकं करता काय?"

रत्नाबाईंनी मान खाली घातली. "म्हस घासतो."

अक्षता आधी बघतच राहिली. मग हसत सुटली, इतकी की पलीकडच्या खाटेवरचा गुडघ्याचा पेशंटही हसायला लागला. "अहो मग आधी सांगायचं न्हाय व्हय? भिंतीपेक्षा म्हस बरी, ती निदान वाट तरी बघती." हसू आवरून तिनं सगळं विचारून घेतलं, म्हशीची उंची किती, उभं कुठं राहता, धार काढताना हात कसा ठेवता. मग नवा व्यायाम सांगितला. चंद्रीकडं पाठ करून उभं राहायचं आणि हात मागं नेऊन तिची कूस खाजवायची. कासेपर्यंत हात पुढं न्यायची सवय करायची, पण तूर्त बिनचरवीची, नुसती कोमट पाण्यानं कास धुवायला.

"आणि एक," ती गंभीर होऊन म्हणाली. "हात थकला की उरलेलं दुसऱ्यानं करायचं. एकटीनं ओढायला जाल तर केलेलं सगळं वाया जाईल."

हे मात्र रत्नाबाईंच्या पचनी पडेना. खांद्याच्या कळा त्यांनी सोसल्या होत्या, पण चंद्रीच्या अंगावर दुसरीचा हात? काही दिवस त्यांनी तो सल्ला विसरल्यासारखं केलं. मग एका सकाळी घासता घासता हात गळूनच पडला, तेव्हा नाइलाजानं चोथा स्नेहलपुढं धरला. स्नेहल भीत भीत मानेपाशी गेली. चंद्रीनं फुसकारलं, कान हलवले, आणि उभी राहिली. स्नेहलचा चेहरा उजळला. रत्नाबाईंना आनंद झाला आणि त्याच वेळी आत कुठंतरी बारीकसं टोचलंसुद्धा. पण दुसऱ्या दिवसापासून चोथे दोन झाले.

होळीला अजून अवकाश होता. तरी एका सकाळी अंगणात टेम्पो येऊन थांबला. "गाडी रिकामीच वडगावच्या बाजारला चाललीती, म्हटलं म्हस घेऊनच जावं," बाळासो उतरत म्हणाला. वृषभनं आईकडं पाहिलं नाही. खाली मान घालून तो दावं सोडायला वाकला.

"थांब," रत्नाबाई म्हणाल्या. "आदी धार काढू दे."

"आई, तुझा हात..."

"चरवी आण म्हटलं की!"

त्या चंद्रीच्या कुशीशी बसल्या. पाय बांधले नाहीत, सुई आणली नाही. कास धुतली, कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवलं आणि सड हातात घेतले. काहीच येईना. बाळासोनं घड्याळ बघितलं. रत्नाबाईंच्या खांद्यात कळ उठली. त्यांनी हात सैल सोडला, दम घेतला, पुन्हा धरला. कितीतरी वेळानं चंद्रीच्या अंगातून एक शिरशिरी गेली, कास तटतटली आणि चरवीच्या तळावर पहिली धार वाजली.

वृषभच्या हातातलं दावं गळून पडलं. धार लागली ती लागलीच. चरवीत फेस चढू लागला. आणि अर्ध्यावर खांदा थांबला. आता कळ सोसण्याजोगी नव्हती. रत्नाबाईंना त्या पोरीचे शब्द आठवले. क्षणभर त्यांनी दात आवळले. ओढून नेलं असतं तर चंद्री त्यांची एकटीची राहिली असती. त्यांनी हाक मारली, "स्नेहल, इकडं ये. माझ्या जवळ बस."

"आत्ती, नको. मला भ्या वाटतंय."

"बस म्हणतोय न्हवं! माझ्या हातावर हात ठेव."

स्नेहल टेकली. सुनेचा हात सासूच्या हातावर आला. मग रत्नाबाईंनी आपली बोटं एकेक करून काढून घेतली. चंद्रीला फरक कळला. तिनं मागचा पाय उचलला. रत्नाबाई तिच्या कुशीवरून डावा हात फिरवत नुसत्या "ए बाई, ए बाई" म्हणत राहिल्या. चंद्रीनं पाय हवेत जरा वेळ तसाच धरला आणि खाली टेकवला. स्नेहलच्या हातून धार सुरू झाली, आधी वेडीवाकडी, मग सरळ.

"दोघींचा हात घेती व्हय?" बाळासो म्हणाला. "मग बाजार कशाला दावताय हिला? मला तरी सकाळी सकाळी कशाला..." पुढचं तो टेम्पोत बसूनच पुटपुटला.

वृषभ गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता. त्याला रडू येत होतं आणि ते लपवताही येत नव्हतं. रत्नाबाई उठल्या, चरवीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बस्तीत उशीर झाला मला. देव वाट बघत असंल." असं म्हणत त्यांनी उजव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि लगबगीनं चालू लागल्या.

आपण काय केलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. स्नेहलच्या आलं. धार काढता काढता तिनं मान वर करून पाहिलं आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून तिला डोळेसुद्धा पुसता येईनात.