ठळक अक्षराच्या पोटातला उजेड

मित्रांनो, मी अक्षरांचे एक जुने वळण आहे. जाड, उंच आणि अंगाने अगदी अरुंद. माझा जन्म १९९४ साली बडोद्याला, अकोटा भागातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर झाला.

मला घडवणाऱ्या मोहनाताई चित्रकला शिकलेल्या होत्या. त्यांचे यजमान शुभंकर एका रसायनांच्या कारखान्यात होते. तिथे टाकीत आधी पाणी भरून मगच ॲसिड सोडावे लागे. पण सूचना होती बारीक इंग्रजीत. धुळ्याहून आलेल्या धनाजीराव या कामगाराकडून एकदा उलटे झाले. ॲसिड उसळले आणि त्यांचा हात भाजला.

"मराठीत मोठी पाटी लाव ना," मोहनाताई म्हणाल्या.

"जागा कुठंय? दोन नळांच्या मधे जेमतेम वीतभर."

"मग अक्षरं उभी वाढवू."

अशी मला उंची मिळाली. लांबून दिसावे म्हणून त्यांनी मला चांगले जाडजूडही केले. मला वाटले, जितके काळे, तितके स्पष्ट!

पाटीच्या परीक्षेला धनाजीराव स्वतः आले, हाताला पट्टी बांधून. कामावरचा, वाफेने धुरकटलेला चष्मा लावून ते गच्चीच्या टोकाला उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले, "आधी पाणी... मरा."

शुभंकर हसले. धनाजीरावही हसले. मोहनाताईंनी मात्र पाटी जवळ ओढली.

चूक माझ्याच अंगात होती. 'भ'च्या डोक्यावर शिरोरेघ थोडी तुटलेली असते. जाडीच्या हौसेत ती फट बुजली आणि 'भ'चा 'म' झाला. मोहनाताईंनी ब्लेड घेतले. फट रुंद केली, पोटातल्या पोकळ्या मोठ्या केल्या, दांडे जिथे मिळतात तिथला काळा रंग खरवडला. मला नवल वाटले. माझ्यातले कमी करत गेल्या, तसतसे मी अधिक दिसू लागले!

पाटी लागली. पुढच्या हिवाळ्यात धनाजीराव शेव-उसळीचा डबा घेऊन दारात उभे.

"वहिनी, वाचलो!"

"काय झालं?"

"खोलीभर वाफ होती. हात ॲसिडच्या नळाच्या चाकावर गेलाच होता, तेवढ्यात समोर दिसलं. आधी पाटी वाचली, म्हणून मी वाचलो."

मोहनाताई तिथेच पायरीवर बसल्या.

मग त्यांनी माझी सगळी अक्षरे हौसेने संगणकात उतरवली. रावपुरा बाजारातल्या दुकानदारांनी मला उचलून धरले. सेल, ट्यूशन क्लास, लग्नाचे हॉल, सगळीकडे मीच. पण एकेका फलकात चार नावे जास्त कोंबायची म्हणून मला चेपू लागले, ताणू लागले. गर्दीत माझा जीव गुदमरतो, आणि लोक म्हणतात, हे अक्षरच वाईट.

मित्रांनो, मला अरुंद जागेत खुशाल उभे करा, माझी त्याला ना नाही. फक्त माझ्या पोटातला उजेड बुजवू नका. माणूस त्यानेच वाचतो.