घड्याळ बरोबर लावलं तो दिवस

मी एक जुनी, पांढरी मोटार आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे मोडीत निघालेली नव्हे हं! चौदा वर्षं झाली, तरी अजून पहिल्या किल्लीत सुरू होते. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगात चेहरा दिसायचा. आता दारांना पोचे आलेत आणि डावीकडची काच हाताने ओढून वर घ्यावी लागते, एवढंच.

आमचे मालक चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. मला घरी आणल्यापासून ते बसची पायरी चढले नाहीत. शहर पसरत गेलं, रस्ते तुंबत गेले, पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागू लागला, तरी दारात गाडी असताना लोंबकळत कोण जाईल, हे त्यांचं ठरलेलं. मीही फुशारून जायचे, खोटं कशाला बोलू? मालकीणबाई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला. त्यांची वाट उलट्या दिशेची, म्हणून त्या बसने जायच्या आणि मालकांच्या आधी घरी यायच्या. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढत नसे.

मालकांना उशिरा निघायची खोड. म्हणून बाईंनी माझं घड्याळ गुपचूप दहा मिनिटं पुढे लावलं. मालकांनी आठवड्यात ते ओळखलं आणि मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करू लागले. ना त्या बोलल्या, ना ते. चौदा वर्षं हा कारभार सुखाने चालला.

त्यांची लेक, आमची ताई, परिचारिका आहे. सहा वर्षं ती रोजंदारीवर राबली. मग कायम नोकरीची परीक्षा आली आणि वयाच्या अटीमुळे तिच्यासाठी ती शेवटची होती. केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नऊला फाटक बंद, मग ब्रह्मदेव आला तरी आत घेणार नाहीत. बाई म्हणाल्या, बसने जाऊ, बसला आता वेगळी वाट दिली आहे. मालकांनी ऐकलं नाही. लेकीला परीक्षेला आपल्या गाडीतूनच नेणार, म्हणून त्यांनी मला आदल्या संध्याकाळी घासूनपुसून लख्ख केलं. आणि ते हात धुवायला आत गेल्यावर बाईंनी, उद्या घोळ नको, लेकीला खरी वेळ दिसावी म्हणून, माझं घड्याळ बरोबर लावून ठेवलं.

मला सगळं दिसत होतं, मित्रांनो. पण मला आवाज एकच, भोंग्याचा, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

सकाळी मालकांनी चहा निवांत घेतला. निघालो. मोठ्या चौकाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे लाल दिवे, मागे गाड्यांची रांग. शेजारच्या वाटेने एक बस सरळ निघून गेली. थोड्या वेळाने दुसरी गेली. ताई टिपणं वाचत होती, पण बराच वेळ पान उलटलं नव्हतं. माझ्या घड्याळात आठ बेचाळीस झाले. मालक शीळ घालत होते.

"बाबा, पोचू ना?" ताईने विचारलं.

"पोचू गं. हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. तुझ्या आईला वाटतं, मला कळत नाही."

मागे बसलेल्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो," त्या म्हणाल्या, "काल मी ते बरोबर लावलंय."

शीळ थांबली. मालकांनी भोंगा दाबला, पुन्हा दाबला. पुढचा माणूस जागचा हलला नाही, हलणार तरी कुठे? तीसएक पावलांवर बसचा थांबा होता. बाईंनी दार उघडलं. ताई मात्र उठेना. ती बापाच्या तोंडाकडे बघत बसली होती. आदल्या दिवशी त्यांनी मला किती प्रेमाने धुतलं, ते तिने पाहिलं होतं. मला तर वाटलं, ही पोर आता बापाचं मन राखायला शेवटची परीक्षा घालवणार.

"बसने जा," मालक म्हणाले. "माझ्यासाठी बसून राहू नकोस."

मायलेकी धावल्या. आरशात मागून तिसरी बस येत होती. त्या थांब्यावर पोचल्या आणि बस त्यांच्या आडवी आली. त्या चढल्या की राहिल्या, ते आम्हाला दिसलंच नाही.

आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. फाटक बंद. बाहेर बाई एकट्याच उभ्या होत्या. मालकांना उतरून विचारायचा धीर होईना. शेवटी बाईच खिडकीशी आल्या.

"गेली आत. तीन मिनिटं राखून."

मालकांनी माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी ताईची तोंडी परीक्षा होती. सकाळी मालक किल्ली घेऊन माझ्यापाशी आले, टपावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मग किल्ली खिशात टाकून त्या दोघींच्या मागोमाग थांब्याकडे चालू लागले. मला वाईट वाटलं. फार वाटलं.

आता मी आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, जड सामानाला न्यायला निघते. मित्रांनो, आम्हाला जपा. चाकांत हवा भरा, तेलपाणी बघा. पण गाडीचा मान राखायला घरातलं माणूस रस्त्यात अडकवू नका. मला दारात एकटीला उभं राहता येतं.