चार आणि पंचाहत्तर

“वेग वाढतोय,” तात्या म्हणाले आणि त्यांनी विमानाचं नाक आणखी वर ओढलं.

वेग वाढत नव्हता, कमी होत होता. तात्यांच्या समोरचा वेगाचा काटा खोटं सांगत होता आणि तो खोटा करणारं बटण तिनेच दाबलं होतं. ती दोघा वैमानिकांच्या पाठीमागे, शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसली होती. काचेपलीकडचे ढग पडद्यावरचे होते. सहा लोखंडी पायांवर उभं असलेलं ते खोकं जमीन न सोडता खऱ्या विमानासारखं कलत होतं, धडधडत होतं.

विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढ्या नळ्या असतात. समोरून येणारी हवा त्यांत शिरते आणि तिच्या दाबावरून वेग कळतो. नळी बर्फाने किंवा गांधीलमाशीच्या मातीने बुजली की काटा वाटेल ते सांगतो. विमान वर चढतंय तोवर तर तो वेग वाढल्याचंच दाखवत राहतो. आता तसंच झालं होतं. वेग फार झाल्याची टकटक सुरू झाली. तात्यांनी नाक आणखी वर घेतलं, इंजिनांचा जोर कमी केला. आणि मग त्यांच्या हातातला दांडा थडथडू लागला, म्हणजे वेग फार कमी झालाय, विमान पडेल. दोन्ही इशारे एकदम कानीकपाळी ओरडत होते.

‘सोडा तात्या,’ ती मनात म्हणत होती. ‘काट्याकडे बघूच नका.’

उजवीकडे बसलेल्या सहवैमानिकाचे गुडघे कुठेच मावत नसत, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. त्याच्या समोरचा काटा खरा होता. दोन वेग जुळत नाहीत अशी पिवळी अक्षरंही पेटली होती. त्याने आपल्या काट्याकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

डावा पंख कलंडला. पडद्यावरची जमीन वर यायला लागली. तिने बटण दाबून सगळं थांबवलं.

खोकं सुस्कारा टाकत सरळ झालं.

“पुन्हा एकदा घेऊ,” ती म्हणाली. नियमात तेवढी सोय होती.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. फक्त जमीन जरा उशिरा आली.

*

तात्या म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने कॅप्टन. ती नवीन होती तेव्हा बाकीचे कॅप्टन तिला रेडिओवर बोलायला लावायचे आणि विमान स्वतः चालवायचे. तात्यांनी पहिल्याच आठवड्यात आडव्या वाऱ्यात तिला विमान उतरवायला दिलं होतं. ती घामाघूम झाली होती. चाकं टेकली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उतरलो का पडलो, ते प्रवाशांना विचारून येऊ का?” वेगाचा काटा बिघडला तर काय करायचं तेही त्यांनीच शिकवलं होतं, कॅन्टीनच्या टेबलावर बोटाचं पेर आपटत. स्वयंचलित सगळं बंद. नाक चार अंश वर, जोर पंचाहत्तर टक्के. एवढं धरून ठेवलं की विमान आपलं आपण उडत राहतं. मग सावकाश शोधा कुठला काटा खोटा ते. “चार आणि पंचाहत्तर. झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.”

चर्चेच्या खोलीत लंबू तिच्यासमोर बसला होता.

“मॅडम, मी काय चुकलो?”

“काहीच नाही. तू काही केलंच नाहीस.”

त्याचे कान लाल झाले. “तात्यांना मी काय सांगणार? ते माझ्या जन्माआधीपासून उडवतायत.”

“खरा काटा तुझ्यासमोर होता, त्यांच्यासमोर नव्हता,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. तो कुणावर चढलाय तेच तिला कळेना. लंबूला तिने बाहेर पाठवलं.

तात्यांनी तोवर पाण्याची बाटली संपवून तिचं झाकण परत नीट लावलं होतं.

“लिही,” ते म्हणाले.

“तात्या, आज झोप झाली नव्हती का? काही त्रास वगैरे?”

“झोप मस्त झाली. मला सगळं येतं गं, चार आणि पंचाहत्तर. पण ती टकटक सुरू झाली की हात ऐकत नाही. तो आपला आपणच मागे येतो.” त्यांनी डावा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “लिही. मी शिकवलंय म्हणून थांबू नकोस.”

ती लगेच लिहू शकली नाही.

प्रशिक्षण विभागाचे प्रमुख तिला जिन्यात गाठून म्हणाले, “अगं, माणसाची तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. उद्या सकाळी परत बसव, जमेल. आजचं खोकं बिघडलं होतं असं समजू. कशाला उगाच जिव्हारी लागेल असं करायचं?”

“खोकं बिघडलं नव्हतं, सर.”

“ते मलाही कळतं. सकाळपर्यंत विचार कर.”

*

घरी ती एका जागी बसेना. भाजी चिरायला घेतली आणि अर्धवट टाकून बाल्कनीत गेली. तिथे वाळलेले कपडे काढले, घडी न करताच खुर्चीवर टाकले आणि पुन्हा आत आली. तिच्या लेकीने वहीतून मान वर केली. “आई, तू घरात गस्त घालतेयस का?”

नवऱ्याने चिरायचं काम आपल्याकडे घेतलं. तो बँकेत होता. विमानातलं त्याला फारसं कळत नसे आणि म्हणूनच तिला त्याच्याशी बोलायला बरं वाटायचं. तिने सगळं सांगितलं.

“उद्या नापास केलंस तर?”

“जादा सराव, मग बाहेरचा परीक्षक. या वयात एकदा खाली उतरवलं की कंपनी पुन्हा वर चढू देईलच असं नाही.”

“आणि पास केलंस तर?”

“परवा सकाळी उडवतील.”

“आणि असं खरंच होतं का गं? काटा बिघडणं?”

“क्वचित. बहुतेकांच्या अख्ख्या नोकरीत होत नाही.”

“म्हणजे बहुतेक काहीच होणार नाही.”

“हो ना,” ती म्हणाली. “बहुतेक नाहीच होणार.” आणि पुन्हा बाल्कनीत गेली. दूर एक विमान उतरायला निघालं होतं. त्याचे दिवे एकाच जागी थांबल्यासारखे दिसत होते. तिने ते घरांमागे जाईपर्यंत पाहिलं, मग पुढचं पाहिलं. जेवायला तिला दोनदा हाक मारावी लागली.

सकाळी तिने दोघांच्या नावापुढे ‘अपात्र’ लिहिलं. प्रमुखांनी कागद घेतला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “बरं.”

कॅन्टीनमध्ये ती गेली की गप्पा थांबायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, “गुरूचे पांग फेडले बाईंनी.” तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानेच म्हणालं.

*

जादा सरावाचे तास तिने मागून घेतले. तात्या वेळेआधी यायचे, दाढी गुळगुळीत, गणवेशाला कडक इस्त्री. ती काटा बिघडवायची, टकटक व्हायची, त्यांचा हात मागे यायचा. एकदा त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. विमान आपलं आपण सरळ उडत राहिलं आणि तात्या मोठ्याने हसले. “बघ, मी नसलो की छान चालतं.”

ती हसली नाही. तिला रडू येईल असं वाटलं.

लंबूला मात्र तिने पिळून काढलं. “ऐकू नाही आलं. पुन्हा. काय दिसतंय ते सांग, काय करायचं ते सांग.” शेवटी एकदा तो एवढ्या जोरात ओरडला की स्वतःच दचकला. आणि तात्यांचा मागे येणारा हात वाटेतच थांबला. ते मान न वळवता म्हणाले, “शाब्बास. असंच.”

परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होती. यंत्रातला चहा घेतला, न पिताच टाकला, दुसरा घेतला. खोक्यात जायचा पूल खाली आला आणि परीक्षक बाहेर पडला. “सहवैमानिक उत्तम. कॅप्टन पास. काठावर आहेत, पण पास.”

ती धावत आत गेली. तात्या अजून डाव्या खुर्चीतच बसले होते.

“झालं तात्या! सुटलात!”

“हं,” ते म्हणाले. “मी राजीनामा देतोय.”

तिला आधी नीट समजलंच नाही. मग रागच आला. “मग एवढं सगळं कशासाठी केलंत? मला कशाला रोज पहाटे उठवलंत? बाहेर लोक काय काय बोलतायत मला...”

“बघायचं होतं, जमतंय का. जमलं.” त्यांनी पट्टा सोडवला. “आज जमलं गं. दर वेळी जमेल का, ते मला सांगता येत नाही. मी परीक्षा घ्यायचो तेव्हा काठावरच्याला कधी पास केलं होतं का?”

“पण मी जर त्या दिवशी...”

“तू तेव्हा लिहिलं नसतंस तर मी उडवत राहिलो असतो. मला तरी कुठे माहीत होतं?” उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. तसा त्यांनी याआधी कधीच घेतला नव्हता.

*

त्यानंतर पाचसहा महिन्यांनी, एका सकाळी, नुकताच कॅप्टन झालेला एक तरुण सरावाला यायचा होता आणि त्याच्या जोडीचा सहवैमानिक तापाने पडला. अशा वेळी रिकामी खुर्ची भरायला कंपनी निवृत्त वैमानिकांना बोलावते. कोण येणार ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुलावरून तात्या आले. चौकड्यांचा साधा शर्ट, खांद्यावर पट्ट्या नाहीत. तिला मान लववून ते मुकाट्याने उजव्या खुर्चीत बसले. नवा कॅप्टन दुसऱ्या कंपनीतून आलेला, तो त्यांना ओळखत नव्हता.

“काका, तुम्ही फक्त चाकं वर घ्या, बाकी मी बघतो,” तो म्हणाला.

तिने तोंड उघडलं. तात्यांनी काचेतल्या प्रतिबिंबातून तिच्याकडे पाहिलं आणि नाही अशी किंचित मान हलवली.

विमान ढगांत शिरलं. तिने काटा बिघडवला.

“वेग जुळत नाहीयेत,” तात्या म्हणाले.

“थांबा हो, एक मिनिट.” टकटक सुरू झाली होती. तरुणाचा हात मागे यायला लागला, दांडा थडथडू लागला.

“कॅप्टन, तुमचा काटा खोटा आहे. नाक खाली घ्या. चार.” एवढा मोठा आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो आवाज वरचढपणा करणाऱ्याचा नव्हता, आणि मागे सरणाऱ्याचाही नव्हता. तरुणाने एकदा उजवीकडे पाहिलं आणि नाक खाली घेतलं. थडथड थांबली. ढगांच्या वर विमान सपाट झालं. तात्या एकेक काटा वाचून दाखवत राहिले, शांतपणे, हात मांडीवर ठेवून.

“बरं झालं बोललात,” शेवटी तरुण म्हणाला, बॅग उचलली आणि घड्याळ बघत निघून गेला. नाव विचारायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

तात्यांनी कानावरचा हेडफोन काढून खुंटीला लावला, वायर गुंडाळली.

“बसता जरा? चहा घेऊ,” ती म्हणाली.

“पुढची जोडी आली असेल ना तुझी. खोळंबतील ती.”

पुढची जोडी आली होतीच. अरुंद पुलावरून दोघं जण गप्पा मारत, झपझप येत होते. तात्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले, पिशवी छातीशी धरली आणि त्यांना वाट करून दिली.