ऊर्फ धोंड्या

लष्कराच्या सिग्नल्स या संदेश-दलातून सुटून संतराम कुरुंद्याला परत आला त्याला तीन वर्षं झाली होती, पण गावात तो अजून रुळला नव्हता. पावसाळ्याचे चार महिने त्याला सिद्धेश्वर धरणाच्या वायरलेस खोलीत रोजंदारीवर घेत. पूर्णेचं पाणी किती चढलं, किती दरवाजे उघडले, हे मोर्सच्या खटक्यांनी खालच्या ठाण्यांना कळवायचं. त्या चार महिन्यांत तो बरा असे. उरलेले आठ महिने हळदीच्या रानात मजुरी, नाहीतर वसमतच्या एका दुकानात लोकांचे बंद पडलेले रेडिओ खोलून बसायचं. जेवतानासुद्धा त्याचं बोट ताटलीच्या काठावर टकटकत राही. बायको, आशाबाई, त्याचा हात धरून खाली ठेवी. दोन घास झाले की बोट पुन्हा सुरू.

१९७६च्या मार्चमध्ये एका गिऱ्हाइकानं रेडिओ मुंबईच्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. त्या कागदावर जाहिरात होती. आखातातल्या एका बंदराला जहाजांशी मोर्सवर बोलणारे वायरलेस ऑपरेटर हवे होते. वय अडतिसाच्या आत, वेग मिनिटाला वीस शब्द, पासपोर्ट आवश्यक. संतराम पस्तिशीचा होता आणि मिनिटाला पंचवीस शब्द सहज घेत होता. नव्हता तो फक्त पासपोर्ट.

तहसीलीतल्या कारकुनानं त्याच्या पासपोर्टच्या अर्जाचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. लष्कराच्या पुस्तकात नाव होतं संतराम तातेराव. जन्मतारखेसाठी जोडलेल्या शाळेच्या दाखल्यावर होतं धोंड्या तात्या.

"ही दोन माणसं झाली," कारकून म्हणाला.

"एकच हाय साहेब. दोन्ही मीच."

"ते तुम्ही सांगून राहिले. कागदावर कुठं आहे?"

कागदावर नव्हतं हे खरं. संतरामच्या आधीची दोन लेकरं दगावली होती, म्हणून बापानं याचं नाव धोंडिराम ठेवलं होतं. शाळेत घालताना मास्तरनं त्याचं धोंड्या केलं आणि बापाच्या तातेरावचं तात्या. छप्पन्न साली घरानं धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बापानंच ते नाव टाकून दिलं आणि पोराला संतराम म्हणायला लागला. बासष्टच्या भरतीत कुणी दाखला मागितला नाही. नाव विचारलं, त्यानं संतराम सांगितलं, तेच लागलं.

कारकुनानं उपाय सांगितला. प्रतिज्ञापत्र करायचं, आणि सोबत ज्यानं शाळेत नाव घातलं त्या मास्तरचा जबाब जोडायचा, की हा तोच माणूस आहे. "मास्तर जिवंत आहे का?"

किशनराव मास्तर जिवंत होते. नोकरी संपल्यावर ते डोंगरकड्याला, आपल्या गावी राहत होते.

घरी आशाबाईनं दाखला हातात घेऊन अक्षरं जुळवत वाचलं. "धोंड्या कोण?"

"मीच."

चौदा वर्षं संसार करून तिनं हे नाव ऐकलं नव्हतं. "मला काहून सांगितलं न्हाई?"

"सांगण्यासारखं काय हाय त्यात," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

महिनाभर तो मास्तरांकडे गेला नाही. एकदा डोंगरकड्याला गेला तो स्टँडवर उतरला, एक कप चहा प्याला आणि त्याच गाडीनं परत आला. आशाबाईच्या ते ध्यानात आलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं घराला कडी लावली आणि म्हणाली, "चला. मी संगं येते."

मास्तर ओसरीवर बसले होते. डोळे अधू झाले होते.

"कोणाचा रे तू?"

"कुरुंद्याच्या तातेरावाचा."

"तात्याचा होय," मास्तर म्हणाले, आणि मग आशाबाईकडे पाहून जरा घुटमळले. "बसा. वर बसा."

शाळेत असताना संतराम उंबऱ्याबाहेर बसायचा. पाटी मास्तरच्या हातात जात नसे, खाली ठेवावी लागे. आता तो सतरंजीच्या कडेला बसला, पण मांडी घालवेना. काम सांगून त्यानं दाखला पुढे केला. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"माझंच अक्षर आहे."

त्यांनी आतून दौत-टाक मागवला. पाच-सहा ओळी सावकाश लिहिल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवल्या. "मौजे कुरुंदा येथील शाळेत माझ्याकडे शिकलेला धोंडिराम तातेराव हाच सध्याचा..."

"गुरुजी, असं न्हाई चालणार," संतराम मधेच म्हणाला.

"काहून? तुझ्या बापानं धोंडिरामच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मला याद आहे."

म्हणजे मास्तरनं चुकीचं ऐकलं नव्हतं, हे संतरामला कळलं. "मग तवा काहून न्हाई लिवलं?"

"तेव्हा तसं कोणी लिहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. "आता तरी बराबर लिहू दे."

"दाखल्यावर हाय तेच लिवावं लागतं गुरुजी. न्हाईतर हा तिसराच माणूस निघतो. धोंड्या लिवा. बापाचं तात्या लिवा."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "माझ्या हातून ते आता होत नाही बाबा."

आशाबाई पुढं सरकली. ती म्हणाली, "तवा झालं की तुमच्या हातून. आज आमच्या कामासाठी करा."

मास्तरांनी दुसरा कागद घेतला. या वेळी वाचून दाखवला नाही. सही केली, तारीख घातली आणि कागद संतरामच्या हातात दिला.

रस्त्यावर आल्यावर संतराम इतक्या झपाझप चालू लागला की आशाबाई मागं राहिली. काम झालं होतं. पण ते नाव आज त्यानं आपल्या तोंडानं सांगून लिहून घेतलं होतं, आणि तोंडाची कडू चव कुरुंदा येईपर्यंत गेली नाही.

ऑक्टोबरात पासपोर्ट आला. त्यावर होतं: संतराम तातेराव ऊर्फ धोंड्या तात्या. जाहिरातीच्या पत्त्यावर त्यानं लिहिलं आणि डिसेंबरात मुंबईला परीक्षेचं बोलावणं आलं. एका खोलीत तीसेक उमेदवार होते, बरेचसे जहाजांवर काम केलेले. कानाला यंत्र लावल्यावर मात्र संतरामची धास्ती गेली. त्याच्या कागदावर एक अक्षर चुकलं नाही. बाहेर यादी लागली तेव्हा त्याचं नाव वरून तिसरं होतं.

दुपारी भरतीच्या साहेबानं पासपोर्ट उघडला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "ये धोंड्या कौन है?"

संतराम उभा राहिला.

साहेबानं आवाज चढवला नाही. ऊर्फ असलेले पासपोर्ट तिकडचे लोक परत पाठवतात, त्यांना दोन नावांचा संशय येतो, मागच्या महिन्यात दोघांचे आले, एवढंच त्यानं सांगितलं. नाव राजपत्रात बदलून घ्या, एकाच नावाचा पासपोर्ट काढा, मग या. जागा तोवर थांबणार नव्हती. जागा दहा होत्या, संतरामच्या जागी यादीतला अकरावा आला.

त्याच दिवशी विचारत विचारत तो राजपत्र छापणाऱ्या सरकारी छापखान्यात गेला आणि नावबदलाचा फॉर्म घेऊन बाहेर फुटपाथवर लिहायला बसला. कारणाच्या रकान्याशी थांबला. खिडकीतल्या माणसानं सांगितलं होतं, काहीही लिहा, कोणी वाचत नाही. त्यानं लिहिलं, "ते नाव माझं नव्हतं."

राजपत्रात नाव यायला ऑगस्ट उजाडला. जुना पासपोर्ट रद्द होऊन नवा यायला पुढचा फेब्रुवारी. मधल्या काळात धरणावरचा एक पावसाळा झाला आणि पहिल्या बंदराची भरती बंद झाली. संतराम जिथं तिथं अर्ज टाकत राहिला. शेवटी एका लहान बंदरानं त्याला घेतलं, पण हाताखालचा ऑपरेटर म्हणून. लष्करातल्या नोकरीची वर्षं ते अर्धीच धरत होते. करार दोन वर्षांचा, आणि कुटुंब नेता येणार नव्हतं.

त्यानं आशाबाईला सगळं सांगितलं. "खालची जागा हाय. न्हाई म्हणलीस तर ऱ्हातो."

"काम मोर्सचंच ना?"

"व्हय."

"मग जावा. हितं ऱ्हाऊन तरी तुमी कुठं हितं हाव."

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये ती त्याला वसमतच्या स्टँडवर सोडायला आली. परभणीची गाडी अर्धी रिकामी होती. आशाबाईनं खिडकीजवळचं बाक दाखवून त्याला बसायला सांगितलं. गाडी हलेपर्यंत तो खिडकीतून तिच्याशी बोलत होता, कंदिलाचं, छपराचं, पत्राच्या पत्त्याचं. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर मास्तरांच्या सतरंजीवर झालं तसंच त्याला बसवेना; त्यानं पिशवी त्या बाकावर ठेवली, वरचा दांडा धरला आणि परभणीपर्यंत उभाच राहिला.