धर्मराज करियाचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. सोन्याचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. माझं अंग रद्दी कागदाच्या लगद्याचं. त्यावर चिंचोक्याच्या खळीचे थर, त्यावर सोनेरी बेगड आणि कपाळावर एक लाल काच. पण मान माझी सोन्याच्या मुकुटाइतकीच ताठ आहे. स्वभावाला औषध नसतं.

बंगळूरच्या चिकपेटेत, कापडाच्या दुकानांमागच्या एका बोळात, येसाजी नावाच्या कारागिराचं नाटकाच्या सामानाचं दुकान होतं. गदा, धनुष्यं, दाढ्या, राक्षसांचे दात, सगळं तिथं भाड्यानं मिळे. घरात ते मराठी बोलत आणि गिऱ्हाइकाशी कन्नड. ध्रुवबाळाचं काम करणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलासाठी त्यांनी मला घडवलं. ऊन सरकलं की ते मलाही सरकवत. वाळल्यावर टिचकी मारून आवाज ऐकत आणि मान डोलावत. त्या टिचकीचं कौतुक मला अजून पुरतं.

मुलाच्या मापाचा म्हणून मी आकारानं लहान राहिलो. वरच्या फळीवर राजांचे उंच मुकुट आणि खालच्या फळीवर माकडांच्या शेपट्यांच्या शेजारी मी. तुमकूर, मंड्याच्या जत्रांतून मी फिरलो. कधी ध्रुव झालो, कधी प्रल्हाद. लोकांनी टाळ्याही खूप वाजवल्या. एका शाळेनं मात्र माझ्यावर पिसं चिकटवून मला मोर केलं. तो अपमान मी अजून गिळलेला नाही. राजाच्या डोक्यावर बसायची माझी फार इच्छा होती, पण राजांची डोकी मोठी असतात.

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. मुकुटाच्या नाड्या ज्यानं बांधल्या, त्यानंच त्या सोडायच्या. कारण साधं होतं. गाठ केसांत गुंतलेली असे आणि ती कशी मारली हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्यानं घाईनं ओढली की केस उपटत आणि मुकुटही फाटे. नटमंडळी मात्र तो देवाचा नियम मानत. बांधणारा चहाला गेला असेल, तर लंकेचा राजासुद्धा भुकेल्या पोटी त्याची वाट बघत बसे.

पुढं नाटकं कमी झाली. चकचकीत प्लॅस्टिकचे मुकुट बाजारात आले. येसाजी गेले आणि मी पेटीत गेलो. कसरीनं माझी एक नाडी अर्धी खाल्ली, बेगड काळवंडलं. कितीतरी वर्षं मला कुणी ऊन दाखवलं नाही. ते दिवस फार वाईट होते, एवढंच सांगतो.

मग एके दिवशी पेटी उघडली. येसाजींच्या सूनबाई, अंबूबाई, आता दुकान बघत होत्या. त्यांच्यासमोर मुग्धा नावाची एक मुलगी उभी होती. ती पुण्याहून नोकरीसाठी इथं आलेली, सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत राहणारी.

“हा परफेक्ट आहे,” ती म्हणाली. “ॲक्चुअली, मला डॉगसाठी हवाय.”

“कुणासाठी?” अंबूबाईंनी विचारलं.

“कुत्र्यासाठी. आमच्या सोसायटीच्या ॲन्युअल फंक्शनला फिल्म करतोय. पांडव स्वर्गाला निघतात ती गोष्ट. सगळे ॲक्टर कुत्रे.”

अंबूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता या तिला हाकलणार. पण त्यांनी मला फडक्यानं पुसलं. “धर्मराजाचा मान हाय, अक्का. जमिनीवर ठेवू नका. आणि ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. सरी, कळलं न्हवं?”

मित्रांनो, धर्मराज हा शब्द ऐकून मी मोहरलो आणि कुत्रा हा शब्द आठवून पुन्हा आंबलो. वाटभर माझं हेच चाललं होतं.

सोसायटीत कुत्र्यांना तोटा नव्हता. भीमाचं काम ब्रूनो नावाच्या लॅब्रेडोरला मिळालं. नकुल म्हणून एक पांढरी पोमेरियन आली, कारण ती आरशासमोरून हलत नसे. सहदेव एक पग होता. सेक्रेटरी सूर्यकांत यांचा डाल्मेशियन अंगभर ठिपक्यांचा. इंद्राला हजार डोळे असतात, म्हणून तो इंद्र. अर्जुन झाला, द्रौपदी झाली. धर्मराज सोडून सगळ्या भूमिका वाटून झाल्यावर मुग्धाच्या ध्यानात आलं, की गोष्टीत पांडवांच्या मागून एक कुत्राही जातो. नुसत्या कुत्र्याच्या कामाला मात्र कुणी मालक आपला कुत्रा देईना.

“मी करतो की अक्का,” गेटवरचे अण्णा म्हणाले. “कुत्रं हुयाला काय लागतंय? गप मागनं चालायचं. आट वर्सं त्येच करतोय.”

हे अण्णा त्या गेटवरचे पहारेकरी. मराठी बोलत, पण मधूनच कन्नडवर घसरत. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांच्याबरोबर करिया नावाचा एक काळा गावठी कुत्रा गेटवर राहत असे. पिल्लू असताना तो गटारात पडला होता, अण्णांनीच त्याला वर काढून वाढवलं. तो त्यांच्याच हातचं खाई.

धर्मराजाचा प्रश्नही करियानंच सोडवला. इतर कुत्र्यांच्या डोक्यावर मला ठेवलं, की ते अंग झाडत आणि मी दूर उडे. करियाच्या हनुवटीखाली मात्र अण्णांनी नाड्या बांधल्या आणि म्हणाले, “स्वल्प गप बस रं.” तो बसला. त्याचे कान बाहेर राहिले आणि मी मधोमध. खरं सांगतो, दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरही मी इतका नीट बसलो नव्हतो.

पण अण्णांच्या मनात सल होता. गेटला आपोआप उघडणारा अडसर बसणार होता आणि अण्णांची बदली यशवंतपूरच्या एका गोदामावर झाली होती. सोमवारी त्यांना जायचं होतं. गोदामात कुत्र्याला मज्जाव. करियाच्या नाड्या बांधताना ते रोज पुटपुटत, “माज्यामागं तुजं कसं हुयाचं, लेका?” मी त्यांच्या बोटांखाली असल्यानं ते मलाच ऐकू येई, आणि मला गलबलून येई.

रविवारी सकाळी चित्रीकरण सुरू झालं. क्लबहाउसच्या पायऱ्यांवर पांढऱ्या चादरी टाकून हिमालय केला होता. गोष्टीत एकेक पांडव आपल्या दोषामुळे वाटेत पडतो. इथं कुणालाही काही शिकवावं लागलं नाही. नकुल काचेच्या दारात स्वतःला बघत थांबली. अर्जुन खारीमागं धावला. सहदेव दुसऱ्या पायरीवर झोपला. कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला आणि भीम हिमालयासकट घसरत खाली आला. मुग्धा हसून हसून खाली बसली. धर्मराज करिया मात्र सरळ चालत होता आणि मागून अण्णा, कमरेला काथ्याची शेपटी बांधून.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेवटचा प्रसंग बाकी होता. झेंडूच्या माळा लावलेलं मुख्य गेट म्हणजे स्वर्गाचं दार. आत इंद्र. कुत्र्याला सोडून ये, असं इंद्र सांगतो आणि धर्मराज नकार देतो. तेवढ्यात पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीची गाडी आली. कुठंतरी एक माणूस कमी पडला होता, म्हणून अण्णांना आजच बोलावलं होतं. विचारायला वेळ नव्हता. अण्णांनी पिशवी उचलली, करियाच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडीत चढले. शेपटी कमरेलाच राहिली. माझ्या नाड्याही सोडायच्या राहिल्या.

करिया गाडीमागं धावला. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तेव्हा तो परत आला आणि गेटच्या बाहेर, रस्त्याकडं तोंड करून बसला.

“करिया, आत ये,” मुग्धानं हाक मारली. तो हलला नाही. गेट सताड उघडलं. बिस्किटं झाली, अंडं झालं, चिकनही झालं. त्यानं तिकडं बघितलं नाही. कुणी माझ्या नाड्यांना हात लावला, की तो मान फिरवून घेई. गुरगुरला नाही, फक्त मान फिरवली. ऊन चढलं. माझी अर्धी खाल्लेली नाडी एका दोऱ्यावर आली होती आणि मला मनात येईल तेव्हा सुटता आलं असतं. पण मी जीव मुठीत धरून टिकून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी राजाच्या डोक्यावर होतो.

दोन वाजता इंद्र उठला. दाराबाहेर आला आणि करियाला चिकटून बसला. हे मुग्धाच्या गोष्टीत नव्हतं.

त्याला न्यायला सूर्यकांत आले. अण्णांच्या बदलीच्या कागदावर सही त्यांचीच होती; त्यावर नाव नव्हतं, ‘गेटवरचा एक माणूस’ एवढंच होतं. करड्या शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी आपल्या कुत्र्याचा पट्टा ओढला, तो उठेना. मग ते तिथंच कठड्यावर टेकले आणि ते दोघं बघत होते त्या रस्त्याकडं त्यांनीही पाहिलं. शेवटी त्यांनी एजन्सीला फोन लावला.

“आमच्या गेटवरचा माणूस परत पाठवा.”

“नाव सांगा, सार.”

“अण्णा.”

“आमच्याकडे सगळेच अण्णा, सार. आज यशवंतपूरला पाच गोदामांत माणसं सोडली.”

सूर्यकांतांनी आजूबाजूला विचारलं. दीडशे फ्लॅट होते. ब्रूनोच्या आजोबांचं नाव लोकांना ठाऊक होतं, अण्णांचं कुणालाच नाही. मुग्धानं फिल्मच्या शेवटी दाखवायची नामावली काढली. त्यात कुत्र्यांची नावं जातिकुळीसकट होती आणि तळाला लिहिलं होतं, ‘कुत्रा : गेटवरचे अण्णा’. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि मग माझीच लाज वाटली. इतके दिवस त्यांची बोटं माझ्या अंगावरून फिरली, पण नाव मलाही माहीत नव्हतं.

सूर्यकांतांनी गाडी काढली. अण्णांचा टॉवेल खुर्चीवर राहिला होता, तो मागच्या सीटवर टाकला. करियानं वास घेतला आणि उडी मारली. मागोमाग इंद्र, मागोमाग मुग्धा. स्वर्गाचं दार उघडं टाकून धर्मराज यशवंतपूरला निघाला.

पहिल्या दोन गोदामांत कुणी ओळखीचं नव्हतं. तिसऱ्याच्या दाराशी निळ्या कपड्यांतली माणसं ओळीनं पोती मोजत होती. सूर्यकांतांना सगळी सारखीच दिसली. करिया खिडकीतूनच बाहेर पडला. माझी एक नाडी तुटली आणि मी त्याच्या कानावर लोंबकळत राहिलो.

“ए येड्या,” अण्णा खाली बसले. “सकाळपास्नं तसाच हाईस व्हय?” त्यांनी उरलेली गाठ सोडली. करियानं त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं आणि पहिल्यांदा विव्हळला.

सूर्यकांतांनी खिशातून पेन काढलं. “तुमचं नाव सांगा.”

“का सायेब? माजं काय चुकलं?”

“चुकलं माझं. तुम्ही नाव सांगा.”

“कृष्णाजी. कृष्णाजी शिंत्रे. निपाणीचा.”

सूर्यकांतांनी ते नीट लिहून घेतलं आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं.

संध्याकाळी पाचच्या उन्हात शेवटचा प्रसंग झाला. कृष्णाजी गेटमधून आत आले आणि त्यांच्या मागून करिया, उघड्या डोक्यानं. मी मुग्धाच्या हातात होतो. मुकुटाशिवायही तो राजाच दिसत होता, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सोसायटीनं तो चित्रपट पाहिला, सगळे खूप हसले, शेवटी काही जणांनी डोळेही पुसले. त्याच सभेत सूर्यकांतांनी बदलीचा कागद मागं घेतला. अडसर बसला, पण त्यावर लक्ष ठेवायला कृष्णाजी तिथंच आहेत. अंबूबाईंनी मला नवी नाडी लावली आणि बेगड चढवलं. आता शाळांतली मुलं मला पुन्हा नेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवा, कसरीपासून जपा, त्या तुम्हाला दुवा देतील. पण आधी एक काम करा. तुमच्या दारावर जो माणूस बसतो, त्याला त्याचं नाव विचारा आणि त्याच नावानं हाक मारा. तो हरवला, तर दरवेळी एखादा करिया असेलच असं नाही.